ग्रेट निकोबार : संमती कोणी दिली?

नोव्हेंबर २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने सरकारला एक पत्र पाठवले. ऑगस्टमध्ये आपण दिलेले 'ना हरकत' पत्र मागे घेत आहोत, असे त्यात म्हटले होते. कारण साधे होते. २००४ च्या त्सुनामीआधी ज्या गावांत निकोबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्या गावांची जमीन प्रकल्पाच्या नकाशात येते, हे सही घेताना त्यांना सांगितलेच नव्हते. पत्र निघाले तोवर वनजमीन वळती करण्याची पहिल्या टप्प्यातील मंजुरी २७ ऑक्टोबरला मिळून गेली होती आणि पर्यावरण मंजुरी ११ नोव्हेंबरला. संमती मागे घेतली गेली, मंजुऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

भारताच्या बेटांवर आजवर आखलेल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाची ही गोष्ट आहे. त्यातले झाडांचे, कासवांचे, भूकंपाचे प्रश्न गंभीर आहेत आणि ते पुढे येतीलच. पण मला यातला कळीचा प्रश्न या पत्रातच दिसतो. जमीन ज्यांची, त्यांना विचारले का? आणि ज्यांना विचारताच येत नाही, त्यांच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

आधी प्रकल्प काय आहे ते पाहू. ग्रेट निकोबार हे निकोबार साखळीतले सर्वांत दक्षिणेचे आणि सर्वांत मोठे बेट. इंदिरा पॉइंट हे देशाचे दक्षिण टोक याच बेटावर. इथून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास; चेन्नई त्याच्या दहापट लांब. नीती आयोगाने या बेटाच्या 'समग्र विकासा'ची कल्पना मांडली आणि अंदमान-निकोबार प्रशासनाच्या विकास महामंडळाकडे ती राबवायला दिली. गॅलाथिया उपसागरात कंटेनर ट्रान्सशिपमेंट बंदर, त्याला लागून लष्करी आणि नागरी वापराचा विमानतळ, गॅस व सौर ऊर्जेवरचा वीजप्रकल्प आणि एक संपूर्ण नवे नगर अशी ही योजना आहे. खर्चाचा पहिला आकडा ७२,००० कोटी रुपयांचा होता, तो पुढे ८० हजार कोटींच्या वर गेला.

जमीन लागणार आहे १६६.१० चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा सहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त. त्यातली १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन. या १६६ चौरस किलोमीटरची वाटणी मात्र फार कमी लोक पाहतात. बंदराला ७.६६, विमानतळाला ८.४५, वीजप्रकल्पाला ०.३९ आणि उरलेली १४९.६० चौरस किलोमीटर नगर व परिसर विकासाला. नव्वद टक्के जमीन शहर वसवण्यासाठी! आज या बेटावर सुमारे आठ हजार माणसे राहतात. नियोजनात साडेतीन लाख धरली आहेत. 'देशाच्या संरक्षणासाठी आवश्यक' हे या प्रकल्पाचे सर्वांत वजनदार समर्थन ऐकताना ही वाटणी समोर ठेवावी. कॅम्पबेल बे येथे नौदलाचा 'आयएनएस बाज' हा तळ २०१२ पासून आहेच. त्याची धावपट्टी वाढवायची असेल, धक्का बांधायचा असेल, तर त्याला फारसा कोणी विरोध करणार नाही. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीवर नजर ठेवायला दीडशे चौरस किलोमीटरचे नगर आणि पर्यटकांची हॉटेले का लागतात, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही सरकारी कागदात मला सापडलेले नाही.

व्यापारी समर्थनातही तथ्याचा अंश आहे. भारताचा पुष्कळसा ट्रान्सशिपमेंट माल कोलंबो, सिंगापूर, क्लांग या बंदरांतून फिरतो आणि त्याचे पैसे बाहेर जातात, हे खरे. ग्रेट निकोबार पूर्व-पश्चिम जलमार्गाला अगदी खेटून आहे, हेही खरे. पण बंदर नुसत्या जलमार्गावर चालत नाही, त्याच्या पाठीशी बाजारपेठ लागते. न्हावाशेवाच्या मागे अख्खा पश्चिम आणि उत्तर भारत आहे, तरी तिथे २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख कंटेनर (टीईयू) हाताळले गेले. गॅलाथियाची अंतिम क्षमता १ कोटी ४२ लाखांची, आणि त्या बेटावर पिकणारा किंवा तयार होणारा माल जवळपास शून्य. दरम्यान केरळात विळिंजम सुरू झाले आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, त्याची क्षमता २ कोटी ३२ लाखांची सांगितली जाते. एवढी सगळी बंदरे कोणत्या मालावर चालणार, हे अर्थतज्ज्ञांनी खुलेपणाने तपासायला हवे.

वाढवणचा उल्लेख आला म्हणून एक फरक नोंदवतो. तिथले मच्छीमार आणि आदिवासी मोर्चे काढतात, कोर्टात जातात, किनाऱ्यावर उभे राहून घोषणा देतात. त्यांचे ऐकले जातेच असे नाही, पण ते बोलू शकतात. ग्रेट निकोबारच्या जंगलात राहणारे शोंपेन मोर्चा काढणार नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण बाहेरच्या माणसांशी संपर्कच ठेवत नाहीत.

शोंपेनांची संख्या २०११ च्या जनगणनेत २२९ नोंदली गेली. ती मोजदादही ढोबळच, कारण अनेक टोळ्यांपर्यंत कोणी पोचलेले नाही. ते नद्यांच्या काठाने, बेटाच्या आतल्या भागात छोट्या गटांनी राहतात. रानडुक्कर, मासे, मध आणि केवड्याच्या कुळातल्या पॅन्डेनसचे मोठे, पिष्टमय फळ हा त्यांचा आहार. कोकणात केतकीची बने पाहिलेल्या वाचकाला झाडाची कल्पना येईल. फरक एवढाच की या फळावर तिथे संसार चालतो. ते शिजवून, त्याचा गर काढून साठवून ठेवतात. पॅन्डेनसची बने आणि नद्यांचे काठ हेच त्यांचे शेत, गोदाम आणि रस्ता. किनाऱ्यावरच्या निकोबारींशी काही शोंपेन गटांची जुनी देवाणघेवाण आहे. त्सुनामीत किनाऱ्यावरची निकोबारी गावे वाहून गेली. शोंपेन आत होते म्हणून बहुतांशी वाचले.

२०१५ मध्ये सरकारनेच शोंपेनांविषयीचे धोरण जाहीर केले. मोठा विकास प्रकल्प पुढे आला तर या जमातीचे हित आणि तिची अखंडता यांना अग्रक्रम द्यावा, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. त्याच्याही आधी १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम आहे आणि त्याखाली बेटाचा मोठा भाग आदिवासी राखीव क्षेत्र म्हणून घोषित आहे. प्रकल्पाच्या १६६ पैकी ८४.१० चौरस किलोमीटर या राखीव क्षेत्रातले आहे. सरकार म्हणते, जेवढे काढतो त्याहून थोडे जास्त दुसरीकडे राखीव करतो. कागदावर बेरीज जुळते. पण कोणत्या नदीकाठी कोणत्या गटाची बने आहेत, कोण कोणत्या ऋतूत कुठे राहते, हे त्या बेरजेत कुठेच नाही. शोंपेन कुटुंबाला आपल्या नदीच्या बदल्यात दुसरी नदी 'अधिसूचित' करून देता येत नाही.

आता संमतीचा मुद्दा. वन हक्क कायदा २००६ चा. वनजमीन वळती करण्याआधी तिथल्या लोकांचे हक्क निश्चित करायचे आणि ग्रामसभेची संमती घ्यायची, ही त्यामागची रीत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांना ठरवायला सांगितले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. कायदा राबवला की काय होते, याची ही दोन उदाहरणे.

ग्रेट निकोबारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये प्रशासनाने प्रमाणपत्र दिले की हक्क निश्चित झाले आहेत आणि संमती मिळाली आहे. पण १९५६ चा विनियम पुरेसा असल्याने या बेटांवर वन हक्क कायदा राबवण्याची गरज नाही, अशीही प्रशासनाची भूमिका राहिली आहे. मग जो कायदा राबवलाच नाही, त्याखालचे हक्क निश्चित झाले कसे? केंद्राच्या पर्यावरण आणि आदिवासी विकास या दोन्ही मंत्रालयांच्या सचिव राहिलेल्या मीना गुप्ता यांनी हाच प्रश्न घेऊन कोलकाता उच्च न्यायालयात याचिका केली. ज्या बाईंनी ही दोन्ही खाती आतून पाहिली आहेत, त्यांना न्यायालयाचे दार ठोठावावे लागते, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेही एप्रिल २०२३ मध्ये प्रशासनाला नोटीस काढली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये १३ देशांतल्या ३९ वंशसंहार-अभ्यासकांनी राष्ट्रपतींना लिहिले की, हा प्रकल्प शोंपेनांसाठी मृत्युदंड ठरेल.

हे शब्द कोणाला भडक वाटतील. त्यांनी अंदमानचाच इतिहास वाचावा. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली तेव्हा ग्रेट अंदमानी जमाती काही हजारांच्या होत्या. पाठोपाठ रोग आले. १८७७ मधल्या गोवराच्या साथीने तर वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले होते १९. 'बो' भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती भाषाही. लिटल अंदमानचे ओंगी १९०१ मध्ये ६७२ होते, २०११ मध्ये १०१. जारवांच्या जंगलातून अंदमान ट्रंक रोड काढला, त्यानंतर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर नाचवल्या जाणाऱ्या जारवा स्त्रियांची चित्रफीत जगभर गेली. कोणत्याही अधिकाऱ्याने या लोकांना संपवायचे म्हणून रस्ता बांधला नव्हता. रस्ता, वसाहत, लाकूड, पर्यटन. प्रत्येक वेळी हेतू 'विकास' हाच होता. ज्यांच्या शरीराला आपल्या सर्दी-गोवराची सवय नाही, अशा २२९ माणसांच्या शेजारी साडेतीन लाखांची वस्ती आणून ठेवल्यावर वेगळे काही होईल, असे मानायला आधार कोणता?

त्या ट्रंक रोडच्या प्रकरणात पुण्याची कल्पवृक्ष, मुंबईची बीएनएचएस आणि पोर्ट ब्लेअरची सेन या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने ७ मे २००२ रोजी जारवा क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही रस्ता चालूच राहिला. न्यायालयाचा आदेशही जिथे पुरा पडला नाही, तिथे मंजुरीपत्रातल्या अटींवर विसंबायचे कसे?

निसर्गाची बाजूही थोडी जवळून पाहू. गॅलाथिया नदी जिथे समुद्राला मिळते, त्या वाळूत लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवे अंडी घालतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला आपल्याकडे लोक रांगा लावतात. रिडलेची मादी चाळीस-पन्नास किलोची. लेदरबॅक तिच्या दहापट भरू शकते. लिटल अंदमानवर उपग्रह-यंत्रे बसवलेल्या लेदरबॅक माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेल्या, तर काही थेट आफ्रिकेकडे. अर्धा महासागर ओलांडून मादी अंडी घालायला या किनाऱ्यांच्या पट्ट्यात परत येते. गाळ उपसणारी यंत्रे, लाटा अडवणारे बांध आणि रात्रभर जळणारे दिवे असलेल्या बंदरात ती येईल, अशी आशा धरता येत नाही.

त्याच किनाऱ्याच्या झाडीत निकोबार मेगापोड राहतो. कोंबडीएवढा, तपकिरी, जमिनीवर फिरणारा पक्षी. तो अंडी उबवत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी उकरून तो मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर पिल्लू वाढते आणि स्वतःच ढीग फोडून बाहेर येते. हे ढीग किनाऱ्यापासून थोड्याच अंतरात असतात, म्हणून त्सुनामीने ते पुसून टाकले आणि पक्ष्यांची संख्या कोसळली. जे सावरले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे ढीग प्रकल्पाच्या जागेत येतात.

गॅलाथिया उपसागर १९९७ पासून अभयारण्य होता. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने त्याची अधिसूचना रद्द करायला मान्यता दिली. त्याच सुमारास केंद्राने प्रसिद्ध केलेल्या समुद्री कासव कृती आराखड्यात मात्र हाच उपसागर महत्त्वाचे विणीचे ठिकाण म्हणून नोंदलेला आहे. पुढे नुकसानभरपाई म्हणून कासवांसाठी लिटल निकोबारवर, मेगापोडसाठी मेंचाल बेटावर आणि प्रवाळांसाठी मेरो बेटावर अभयारण्ये जाहीर झाली. ही बेटे निकोबारींच्या परंपरेने चालत आलेल्या मालकीची आहेत, तिथे जायचे-यायचे त्यांचे स्वतःचे नियम आहेत. इथेही त्यांना विचारले नव्हते. म्हणजे एका ठिकाणी बंदरासाठी त्यांची जमीन, आणि त्या बंदराच्या प्रायश्चित्तासाठी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा त्यांचीच.

उरलेल्या भरपाईचे स्वरूप असे. सरकारी आकड्याप्रमाणे ९.६४ लाख झाडे तोडली जातील. सदाहरित वर्षावनातल्या दाटीचा हिशोब करणारे अभ्यासक हा आकडा कितीतरी पटींनी जास्त सांगतात. या जंगलाच्या बदल्यात वनीकरण होणार हरियाणात. त्यावर जास्त शब्द खर्च करायची गरज नाही. प्रवाळांच्या २०,६६८ वसाहतींपैकी १६,१५० उचलून दुसरीकडे लावायच्या आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये १८ वसाहती हलवल्या, त्याचीही केवढी बातमी झाली होती!

भूकंपाचे तर बोलायलाच नको, असे प्रकल्पाच्या कागदपत्रांचे धोरण दिसते. हे बेट भूकंपाच्या पाचव्या, सर्वांत धोकादायक श्रेणीत आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली. कोरड्या जमिनीवरचे दीपगृह पाण्यात उभे राहिले. तेवढा मोठा भूकंप पुन्हा शेकडो वर्षांनी येईल, असे गणित मांडले जाते. साडेतीन लाख माणसे आणि गॅसवरचा वीजप्रकल्प तिथे नेताना त्याहून लहान, पण तरीही विध्वंसक भूकंपांचे काय, हे विचारलेच पाहिजे.

बेटांच्या बाबतीत जगाचा अनुभव काही निराळा नाही. प्रशांत महासागरातल्या बनाबा बेटाचा फॉस्फेटसाठी चुरा झाला, १९४५ मध्ये तिथले लोक फिजीतल्या राबी बेटावर नेले गेले आणि १९७९ पर्यंत खाण चालू राहिली. नाउरूचा बहुतेक मध्यभाग खाणीने खाल्ला. ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये भरपाई दिली, जमीन परत आली नाही. दिएगो गार्सियावर लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांचे रहिवासी हाकलले गेले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या बेटांवरचा ब्रिटिश ताबा बेकायदा ठरवला, तोवर हाकललेल्यांपैकी अनेक जण वारले होते. इंडोनेशियात रेम्पांग बेटावर औद्योगिक नगरासाठी लोकांना उठवायला निघालेल्या सरकारविरुद्ध २०२३ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. मुख्य भूमीवरचा विस्थापित निदान डोंगरापलीकडे जाऊ शकतो. कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी किती वर्षे खेटे घालत आले, हे आपल्याला माहीत आहे, तरी त्यांच्यामागे महाराष्ट्र होता. बेटावरच्या माणसामागे समुद्र असतो.

ग्रेट निकोबारवर मराठी माणसेही आहेत, हे इकडे अनेकांना ठाऊक नसते. १९६९ पासूनच्या दशकभरात माजी सैनिकांची ३३० कुटुंबे सरकारने तिथे नेऊन वसवली. पंजाब, तमिळनाडू, आंध्र, केरळ यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही त्यांत होती. त्यांनी जंगल साफ करून शेती केली, त्सुनामीत जमिनी गमावल्या. चांगला दवाखाना, वेळेवर सुटणारे जहाज, मुलांना शिक्षण, ही त्यांची मागणी पूर्ण न्याय्य आहे. ती पुरवायला ८० हजार कोटी लागत नाहीत, आणि ती या प्रकल्पाच्या गाडीला जोडून देणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. निकोबारी कुटुंबांची मागणी त्याहून साधी. त्सुनामीनंतर त्यांना राजीवनगर आणि न्यू चिंगेनच्या पत्र्याच्या वसाहतींत तात्पुरते म्हणून आणले होते. आमच्या जुन्या गावी परत जाऊ द्या, असे ते तेव्हापासून सांगत आले आहेत.

एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मंजुरीत हस्तक्षेप करायला नकार दिला, पण प्रवाळ, किनारा क्षेत्र आणि अपुऱ्या माहितीबाबतच्या त्रुटी पाहायला एक उच्चाधिकार समिती नेमली. अध्यक्ष कोण? ज्या मंत्रालयाने मंजुरी दिली, त्याचेच सचिव. त्या समितीचा अहवाल गोपनीय ठेवला गेला. कासवाच्या विणीची जागा किंवा प्रवाळांची मोजणी यांत लष्करी गुपित कोणते, हे कोणीतरी सांगायला हवे.

माझे मत स्पष्ट आहे. संरक्षणासाठी जे खरोखर हवे, ते नगरापासून वेगळे काढून त्याचा स्वतंत्र विचार व्हावा. बाकीचा प्रकल्प थांबवावा. निकोबारींना त्यांची गावे परत द्यावीत आणि त्यांचे वन हक्क कायद्याने नोंदवावेत. शोंपेनांना विचारता येत नसेल, तर त्याचा अर्थ 'नाही' असाच धरला पाहिजे. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. आपापल्या खासदाराला एक पत्र लिहा आणि एवढेच मागा की, उच्चाधिकार समितीचा अहवाल त्यांनी सभागृहाच्या पटलावर मागवावा आणि ऑगस्ट २०२२ च्या संमतीवर शोंपेनांच्या वतीने सही कोणी केली, हे सरकारला विचारावे.